गाडीची वीज : जाते तशी परतही येते



घरातल्या वायरिंगविषयी आम्ही या सदरात लिहिले तेव्हा बऱ्याच वाचकांनी एकच मागणी केली : घरातली वीज समजली, आता गाडीतली सांगा. मागणी रास्त आहे. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो किंवा स्कूल व्हॅन यांवर पोट असलेले एखादे तरी घर आपल्या वस्त्यांत प्रत्येक मजल्यावर सापडतेच. इंजिनचा आवाज बदलला की या माणसांच्या लगेच लक्षात येते. पण विजेचा बिघाड निघाला की चांगला पंधरा वर्षांचा चालकसुद्धा हात टेकतो आणि गॅरेजवाला सांगेल त्यावर मान डोलावतो. वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची भीती वाटते आणि तिच्या नावावर कोणी काहीही खपवू शकतो. गाडी एक दिवस उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून हा विषय आज थोडा सविस्तर घेत आहोत.

चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला पाण्याचा दाब जास्त. नळातून मिनिटाला किती पाणी येते, तो झाला प्रवाह. आणि पाइप अरुंद असेल, आत गंज धरलेला असेल, तर तो झाला अडथळा. विजेचेही असेच आहे. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये आणि अडथळा ओहममध्ये. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हटले आहे. शब्द जड आहेत, वस्तू त्याच.

या तिघांचे नाते एका ओळीत बसते : अँपिअर गुणिले ओहम बरोबर व्होल्ट. हा नियम १८२७ साली पुस्तकातून मांडणारे जॉर्ज ओहम जर्मनीतल्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. वडिलांनी स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून मुलांना घरीच शिकवले. ओहम शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पुस्तकाची त्यांच्याच देशातल्या विद्वानांनी बरीच वर्षे नीट दखल घेतली नाही. १८४१ साली इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळाला. आज जगातला प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियन, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच नियमावर भाकरी कमावतो.

आता टाकीचा दाखला एका जागी तोकडा पडतो, ते सांगितले पाहिजे. पाइप फुटला तर पाणी बाहेर वाहत राहते. वायर तुटली तर वीज बाहेर सांडत नाही, ती जागच्या जागी थांबते. कारण विजेला नुसते जायला वाट असून भागत नाही, परत यायलाही वाट लागते. बॅटरीच्या एका टोकाकडून निघायचे, काम करायचे आणि दुसऱ्या टोकाला परत यायचे, असा पूर्ण फेरा झाला तरच दिवा लागतो. कुठेही फेरा तुटला की सगळे बंद. आजच्या लेखातली ही एक गोष्ट पक्की लक्षात राहिली तरी पुष्कळ झाले, कारण गाडीतले कितीतरी बिघाड या परतीच्या वाटेवरचे असतात आणि तिकडे कोणी बघतच नाही.

बघत नाही, कारण ही वाट वायरीसारखी दिसत नाही. हेडलाइटच्या बल्बकडे जाणारी वायर आपल्याला दिसते. परत येणारी मात्र दोन वितींवर बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते आणि तिथे संपल्यासारखी वाटते. ती संपलेली नसते. गाडीचा सगळा पत्रा, चासी आणि इंजिन हीच परतीची वायर असते. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची जाड काळी केबल बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. यालाच मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. हा अर्थ घरातल्यासारखा जमिनीत जात नाही. गाडी तर रबरी टायरवर उभी आहे! बॉडी वायरीचे काम करते, एवढाच इथे अर्थचा अर्थ. त्यामुळे कारखान्याची निम्मी वायर वाचते. पण जिथे वायर पत्र्याला आवळली आहे तिथे गंज चढला, रंगाचा थर आला किंवा स्क्रू ढिला झाला, की परतीची वाट अडली.

घरातली वीज २३० व्होल्टची असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यात प्रत्येकी दोन व्होल्टांहून किंचित जास्त देणारे सहा कप्पे एकामागोमाग जोडलेले असतात. १२ म्हणजे थोडे, असे वाटून कोणी गाडीची वीज किरकोळ समजेल. हिशेब उलटा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. घरातला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतो. गाडीच्या हेडलाइटचा तेवढ्याच ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे वीसपट. दाब कमी असला की तेवढेच काम करायला प्रवाह जास्त लागतो. म्हणून गाडीच्या वायरी जाड असतात, आणि म्हणूनच गाडीत जोड स्वच्छ असण्याला एवढे महत्त्व आहे.

सगळ्यांत जास्त प्रवाह खेचतो तो सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन घुमवणारी मोटर. एकेकाळी हे काम हँडल मारून करावे लागे आणि हँडल उलटे फिरून माणसांची मनगटे मोडत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ आला आणि तो त्रास हळूहळू संपला. लहान मोटारीचा सेल्फसुद्धा शंभराच्या वर अँपिअर सहज घेतो. दोन-चार सेकंदच घेतो, पण घेतो.

आता ओहमचा नियम इथे लावून बघू. समजा, इंजिनच्या अर्थच्या पट्टीखाली गंज धरला आणि तिथे तीन शतांश ओहमचा अडथळा तयार झाला. हा अडथळा इतका किरकोळ की स्वस्तातल्या मीटरवर तो ओहममध्ये नीट दिसायचासुद्धा नाही. गाडीचा मागचा ५ वॅटचा दिवा लावला तर प्रवाह अर्ध्या अँपिअरहून कमी. अर्धा गुणिले तीन शतांश म्हणजे व्होल्टाचा अगदी नगण्य भाग वाया गेला. दिवा झकास लागतो. पण सेल्फ शंभर अँपिअर मागतो. शंभर गुणिले तीन शतांश म्हणजे तीन व्होल्ट त्या गंजातच गेले! सेल्फला जेमतेम उरलेसुरले मिळते आणि तो नुसता टक-टक करतो. शिवाय त्या जोडावर तीन व्होल्ट गुणिले शंभर अँपिअर, म्हणजे तीनशे वॅटची उष्णता तयार होते. लागोपाठ सेल्फ मारल्यावर एखादा जोड हाताला चटका देत असेल तर बिघाड तिथेच आहे, हे त्याचे कारण.

“लाइट लागते, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का मारत नाही?” हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर वर आकडे मांडून दिले. दिवा थोडे मागतो, सेल्फ पुष्कळ मागतो. वाट अरुंद असेल तर थोडे मागणाऱ्याचे भागते, पुष्कळ मागणारा उपाशी राहतो.

आमच्या ओळखीचे एक टॅक्सीचालक आहेत, कुर्ल्याकडचे. गाडी सकाळी सेल्फ घेईना. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, पान्याने बॅटरीवर ठिणगी पाडून बघितली आणि निकाल दिला, “काका, बॅटरी संपली तुमची. नवीन टाका.” साडेचार हजारांची बॅटरी आली. दोन दिवस गाडी बरी चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक-टक. आता म्हणे सेल्फच खराब. सेल्फ उतरवून द्यायची बोलणी चालू असताना त्यांची धाकटी मुलगी, जी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करते, ती म्हणाली, “पप्पा, आधी मोजून तरी बघू.” तिने आपला शिकाऊ मीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साडेबारा व्होल्ट. वडिलांना किल्ली फिरवायला सांगून तिथेच पुन्हा बघितले, तर पावणेबारा. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग तिने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि पुन्हा किल्ली फिरवायला लावली. तिथे जवळपास शून्य यायला हवे, कारण ती दोन्ही एकाच वाटेची टोके. मीटरने पावणेतीन व्होल्ट दाखवले. अर्थची पट्टी सोडली तर तिच्याखाली हिरवट-तपकिरी गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कचकून आवळला. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. जुनी बॅटरी तोवर गॅरेजवाल्याने भंगारात घेऊन टाकली होती.

यात त्या गॅरेजवाल्याला आम्ही चोर ठरवत नाही. ‘हे टाकून बघू, नाही तर ते टाकून बघू’ ही रीत बऱ्याच ठिकाणी लबाडीतून नव्हे, तर कोणी शिकवलेच नाही म्हणून चालते. पोरवयात गॅरेजला लागलेला मुलगा दहा-दहा वर्षे कोणती वायर कुठे लावायची ते पाठ करतो. का लावायची ते उस्तादालाही ठाऊक नसते. अशी मुले हाताने हुशार असूनही हेल्परच राहतात. मालकाला मात्र चुकीच्या निदानाचे पैसे गिऱ्हाइकाकडून मिळून जातात.

वर मुलीने केली ती तपासणी कोणालाही जमण्यासारखी आहे. तीन-चारशे रुपयांत डिजिटल मीटर मिळतो. त्याची चकती डीसीच्या २० व्होल्टवर ठेवायची. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी नीट भरून पुन्हा तपासा. भरूनही कोसळत असेल तर ती खरोखर गेली. तो अकराच्या वर टिकून राहिला आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीचा दोष नाही; वाट बघा किंवा सेल्फ बघा. निगेटिव्ह टोक ते इंजिन यांमध्ये सेल्फ मारताना दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या पुढे गेले की जोड घासायला घ्या. पॉझिटिव्ह टोक ते सेल्फचा जाड नट हाही टप्पा तसाच मोजता येतो. पिना लावण्याआधी गिअर न्यूट्रलला आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे, एवढे बघा. आणि मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. मीटर जळेल, हातही पोळेल.

गाडी चालू झाली की बॅटरीवरचा आकडा वाढून पावणेचौदा ते साडेचौदाच्या मध्ये आला पाहिजे. ही अल्टरनेटरची करामत. जुने चालक अजून त्याला डायनामोच म्हणतात. चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांजवळ हलवले की तारेत वीज उठते, हे १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागलेला; बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत शास्त्रज्ञ झाला. आपल्या बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे त्याचाच शोध. आकडा साडेबारावरच अडला तर अल्टरनेटर भरत नाही, पट्टा बघा. पंधराच्या वर गेला तर बॅटरी जादा भरून आतले पाणी उडते, रेग्युलेटर दाखवून घ्या.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा इथे आठवणीने सांगावासा वाटतो. साध्या जुन्या गाड्यांत त्या दिव्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे अल्टरनेटरकडे असते. दोन्हीकडे सारखा दाब असला तर प्रवाह वाहायचे कारणच उरत नाही, म्हणून दिवा विझतो. अल्टरनेटर मेला की तिकडचा दाब नाहीसा होतो, फरक पडतो आणि दिवा लागतो. म्हणजे वीज वाहते ती दाबामुळे नव्हे, दोन टोकांच्या दाबातल्या फरकामुळे. पुस्तकात ‘विभवांतर’ या शब्दात ‘अंतर’ का आहे, ते या दिव्याने जितके कळते तितके कोणत्याच व्याख्येने कळत नाही.

गाडी चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायची एक जुनी सवय गॅरेजांत आहे. फियाट पद्मिनीच्या काळात ती खपून गेली. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आताच्या गाड्यांत जागोजागी छोटे संगणक बसवलेले असतात. चालू गाडीत केबल काढली तर क्षणभर दाब एकदम उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा इंजिनचा संगणक जळू शकतो. ठिणगी पाडून बघण्याचेही तेच. कोणी असे करायला लागला तर सरळ हात धरा.

फ्यूजविषयी मात्र आम्हांला रागानेच लिहावे लागेल. फ्यूज हा विजेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेला सर्वांत कमजोर दुवा. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तो स्वतः वितळतो आणि पुढची वायर वाचवतो. आताचे पात्याचे फ्यूज रंगावरून ओळखता येतात : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. दहाचा वारंवार उडतो म्हणून तीसचा टाकणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणे म्हणजे फ्यूजचे काम वायरीला सांगणे. मग वितळेल ती वायर. तीही सीटखाली, पेट्रोलच्या किंवा गॅसच्या नळीशेजारी. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला टेकली आहे. ती शोधायची.

रात्रीचा धंदा करणारे चालक जास्त उजेडासाठी ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकतात. शंभर वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या वर. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते; या हिशेबाने इथे ती पावणेतीन पटीच्या घरात जाते. वायर, होल्डर आणि स्विच पाचच अँपिअर धरून बनवलेले. आधी होल्डर वितळतो. आधीच्याच बल्बांना पूर्ण दाब मिळतो का, ते मोजा. बल्बपाशी दीड-दोन व्होल्ट कमी भरत असतील तर उजेड तिथेच मेला आहे. अर्थ घासून आणि जाड वायरीचा रिले लावून तो परत मिळतो. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच : दांडीवरच्या नाजूक स्विचमधून थोडासा प्रवाह जातो, तो आतल्या चुंबकाने मोठा संपर्क जोडतो आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून थेट दिव्याला मिळतो. लावताना फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवून घ्या.

बारा व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला बसत नाही, हे खरे. म्हणून बॅटरी निरुपद्रवी ठरत नाही. हातातले कडे किंवा अंगठी पान्याबरोबर पॉझिटिव्ह टोक आणि बॉडी यांच्यामध्ये सापडली तर शेकडो अँपिअर त्यातून धावतात आणि धातू क्षणात लाल होतो. काम सुरू करण्याआधी अंगावरचे धातू काढा. केबल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. जवळ विडी-काडी नको. आतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल. डोळ्यात गेले तर भरपूर साध्या पाण्याने धुवत राहायचे आणि तसेच दवाखाना गाठायचा. वरून घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर; नळाचे नको, आणि ॲसिड तर मुळीच नको.

बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्या आता आपल्याही लोकांच्या हातांत येऊ लागल्या आहेत. त्यांतही दिवे-हॉर्नसाठी बहुधा १२ व्होल्टचा वेगळा भाग असतो आणि वरचे सगळे त्याला लागू आहे. पण अशा मोटारींतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. तिथे घरचा मीटर घेऊन जायचे नाही. ते काम शिकलेल्याचे.

शेवटी एका वाचक भगिनीने विचारलेली शंका. त्यांचे यजमान मे महिन्यात गाडी बंद करून महिनाभर गावी गेले होते. परत आल्यावर बॅटरी मेलेली. दिवा-बिवा काही चालू नव्हता, मग वीज कोणी खाल्ली? ताई, आताच्या गाडीत किल्ली काढली तरी घड्याळ, रेडिओची आठवण, लॉक आणि संगणक जागे असतात. तीन शतांश अँपिअर म्हणजे काहीच नाही, पण दिवसाचे चोवीस तास धरले तर रोज पाऊण अँपिअर-तासाच्या जवळ जाते. तीस दिवसांत एकवीस-बावीस. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. निम्म्याहून जास्त तिथेच संपली. चुकून आतला ५ वॅटचा दिवा राहिला असता तर दोन दिवसांतच ही वेळ आली असती. पुढच्या वेळी गावी जाताना निगेटिव्हची केबल सोडून ठेवायला सांगा. परत आल्यावर घड्याळ लावून घ्यावे लागेल, आणि रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा.